लेकुरवाळीचा वाफा

हे मी कुणापाशीच बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, पोटच्या पोरापाशी न्हाई. देवळात हात जोडून उभी राहिले तवा देवापाशीसुद्धा न्हाई — तिथं मी आपलं पाऊस-पाणी, गुरं-ढोरं, असलंच मागत आले. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. असू दे. ठाऊक असणं वेगळं अन् माझ्या तोंडून निघणं वेगळं.

मग तुमाला काहून सांगून राहिले? तुमी माझे कोण? कुणीच न्हाई — म्हणूनच. आपल्या माणसाला सांगितलं की ते लगेच पदर पुढं करतं. "जाऊ द्या माय, तुमी तवा लहान होता." लहान! पंचविशीची घोडी होते मी. चांगलं-वाईट कळत होतं, दोन्ही डोळे उघडे होते, अन् हात तर लईच चलाख होते.

गावात आमच्या घराचं एक नाव हाय. जावा असाव्यात तर ह्या दोघींसारख्या, असं बाया म्हणतात. मागल्या लग्नसराईत एका बाईनं आपली नवी सून माझ्या पायावर घातली, म्हणाली, हिला तुमच्यासारखी थोरली जाऊ मिळाली तर सोनं होईल पोरीचं. मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला. जीभ काही झडली न्हाई माझी.

तर ऐका. आमचं गाव कयाधूच्या काठी. कळमनुरीच्या बाजाराला पायी गेलं तर दीड-दोन तास. तवा निजामाचं राज होतं. घरात दोघं भाऊ — थोरले माझे मालक, धाकटा माझा दीर — अन् त्यांची आई, म्हणजे माझी सासू. आमी तिला आत्याबाई म्हणायचो. बाकीच्या रानात ज्वारी, पण विहिरीखाली दीड एकर माळवं होतं. माळवं म्हणजे भाजीपाला. मेथी, पालक, शेपू, चुका, तांदुळजा. बाजाराच्या आदल्या दिवशी खुडायचं, जुड्या बांधायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, अन् झुंजूमुंजूला बैलगाडी जुंपायची. असं घर चालायचं.

त्या दीड एकरात, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याला लागून एक वाफा होता. दोन बाजा शेजारी टाकल्या तर जेवढी जागा लागंल, तेवढाच. आत्याबाई त्याला लेकुरवाळीचा वाफा म्हणायच्या. त्याला खत फक्त मेंढराच्या लेंडीचं. दिवाळी झाली की धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायचे. त्यातली चार टोपली लेंडी आत्याबाई स्वतः निवडून बाजूला टाकायच्या अन् एक अख्खा पावसाळा कुजू द्यायच्या. चहापत्तीसारखी काळी, मोकळी झाली की मगच ती वाफ्यात. त्या वाफ्यातलं पान बाजाराला जायचं न्हाई, पाहुण्याच्या ताटात पडायचं न्हाई. घरात जी पोटुशी असंल, जिच्या अंगावर लेकरू पीत असंल, ते पान तिचं. घरात तशी कुणी नसली तर आळीतल्या एखाद्या बाळंतिणीचं. अन् जिचा वाफा, तिनं मात्र त्यात पाय घालायचा न्हाई. पोटुशी बाई माळव्यात शिरली की माळवं वाळतं, असं आमच्याकडं मानत. दुसरीनं खुडायचं, दुसरीनं शिजवायचं, तिनं खायचं.

ती दुसरी म्हणजे मी. नऊ वर्षं मीच.

नणंदा बाळंतपणाला यायच्या, त्यांच्यासाठी मी खुडलं. आळीतल्या बायांसाठी खुडलं. कोवळं पान, लहानसं, जाड, दाबलं तर करकर वाजायचं — त्या पानाचा वास माझ्या बोटांना बसला होता. पण त्याची चव? नऊ वर्षांत एक घास माझ्या तोंडात गेला न्हाई. जिच्या पोटात काही न्हाई, तिचा त्या वाफ्यावर हक्क न्हाई. आत्याबाई मला कधी वांझ म्हणाल्या न्हाईत, बरं का. एकदासुद्धा न्हाई. त्यांना म्हणायची गरजच काय? वाफा रोज सकाळी म्हणत होता.

अन् त्याच आत्याबाई एकदा लसूण सोलता सोलता बोलून गेल्या, की त्यांनाही पहिली पाच वर्षं काही न्हाई. मग त्यांच्या सासूनं रीत मोडून तीन महिने त्या वाफ्याचं पान खाऊ घातलं, अन् माझे मालक पोटात राहिले. सहज बोलल्या. पुढं गावातलं काही सांगू लागल्या. मी मात्र तिथंच अडकले. तुमच्या सासूनं तुमच्यासाठी रीत मोडली — मग तुमी माझ्यासाठी काहून न्हाई मोडली? हे विचारायला तोंड उघडलं न्हाई मी. ते उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, असं कैकदा वाटतं. पण ते जाऊ द्या. न्हाई उघडलं.

मग विलायती खत आलं. मालकांनी हिंगोलीच्या एका दुकानातून आणलं. दिसायला जाडं मीठ. मुठीनं फेकायचं अन् वरून मोटेचं पाणी सोडायचं. आठ-दहा दिवसांत माळवं असं उठलं की बघणाऱ्यानं बघतच राहावं. तळहाताएवढा पालक, काळाभोर. बाजारात आमची गाडी उभी राहायची अवकाश, बाया तुटून पडायच्या. मालकांच्या मिशीला पीळ चढला.

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता तवा. त्यांनी एक पान हातात घेतलं, चुरगाळलं, बोटाला पाणी लागलं ते लुगड्याला पुसलं. म्हणाल्या, "पान फुगलंय. भरलं न्हाई." मग कढईत टाकून बघितलं. लेंडीवरची भाजी कढईभर टाकली तर निम्मी उरायची. ही आपल्याच पाण्यात पोहायला लागली, अन् शेवटी मूठभर राहिली, चव गवताची. संध्याकाळपर्यंत फडक्यातल्या जुड्या चिकट. शेळीपुढं टाकलं तर शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. आत्याबाईंनी हुकूम सोडला — हे बाजाराला. लेकुरवाळीच्या वाफ्यात एक चिमूट पडली तर हात तोडीन.

बाजारातल्या बाया काय पोटुश्या नव्हत्या? त्यांची लेकरं काय दगडाची? हे घरात कुणी विचारलं न्हाई. मीही न्हाई. पण ते सगळ्या घराचं पाप; मी माझं सांगते.

त्याच सालात धाकट्या दिराचं लग्न झालं होतं. सुंदरा घरात आली. तिचं काय सांगू? वाईट असती तर किती बरं झालं असतं! भांडकुदळ, आळशी, चहाडखोर — काहीतरी असायला पायजे होतं की न्हाई? काही न्हाई. सतरा-अठराची पोरगी, बडबडी, हसली तर हिरड्या दिसायच्या. अक्का, अक्का करत माझ्या मागं मागं. तिला आई नव्हती. मला म्हणायची, "तुमी हायेत तर मला माहेर कशाला पायजे?" अन् वर्ष भरायच्या आत तिला दिवस गेले.

मला ते तिनंच सांगितलं. सगळ्यांच्या आधी, नवऱ्याच्याही आधी. विहिरीवर घागर भरता भरता माझ्या कानाशी लागून. मी तिला जवळ घेतलं. हसले. अन् आतून असं पेटलं — कसं सांगू? मत्सर हा शब्द लई धुतलेला हाय. मला ती नकोशी झाली. तिचं हसू, तिचं पोट, तिची ती अक्का-अक्काची हाक. सगळं.

दिवाळीनंतर तिला तिसरा लागला अन् आत्याबाई म्हणाल्या, उद्यापासून सुंदराला वाफ्याचं दे.

पहिल्या दिवशी मी बराबर वाफ्याचंच खुडलं. दुसऱ्याही दिवशी. तिसऱ्या दिवशी खुडता खुडता एक पान तोंडात टाकलं. कच्चंच. उभ्या-उभ्या चावलं अन् रडायला आलं मला. नऊ वर्षं! मग आणखी एक. मग मूठभर. खुडायला गेले होते तेवढं सगळं मीच खाल्लं, शेळीवाणी, थारोळ्याच्या आडोशाला बसून. अन् टोपली तर रिकामी. रिकामी टोपली घरी कशी न्यायची? पाण्याच्या दंडाच्या पलीकडं विलायती खताचा पालक डुलत होता. त्यातला भरला.

त्या दिवशी असं झालं. एका दिवसाला चूक म्हणता येईल. पण पाच महिने? पाच महिन्यांना काय म्हणायचं?

दोघींना पुरलं असतं. हेही सांगून टाकते. निम्मं निम्मं केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं अन् कुणाचं काही बिघडलंही नसतं. पण मला निम्मं नको होतं. मला सगळं पायजे होतं. अन् खरं बोलायचं तर — मला मिळायला पायजे, एवढंच न्हाई. तिला मिळायला नको, हेही होतं.

आत्याबाई आंधळ्या होत चालल्या होत्या, पण त्यांचे हात आंधळे नव्हते. टोपली पुढं ठेवली की त्या वरून हात फिरवायच्या. म्हणून मी तळाला बाजाराचं भरायची अन् वर मूठभर खरं ठेवायची. त्यांचा हात वरच फिरायचा. "हं, घे," म्हणायच्या. मग स्वयंपाकघरात ती मूठही मी वेगळी काढायची, माझ्या पदरात. कढईत दुप्पट पान टाकायचं, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, वर तुरीची डाळ घोटायची. आत्याबाईंनी विचारलं, "उरली का निम्मी?" — "उरली." पोटुशीच्या ताटातलं दुसऱ्यानं चाखायचं न्हाई, म्हणून त्या चाखायच्याही न्हाईत. सगळी रीत माझ्या बाजूनं उभी होती. चोराला अख्खं घर सामील, तसं.

महिन्याचे चार दिवस मी बाहेर बसायची, कावळा शिवला की. त्या दिवसांत दीर खुडून आणायचे, आत्याबाई चाचपडत शिजवायच्या. पाच महिन्यांत सुंदराला जे खरं पान मिळालं ते एवढंच.

पौषात तिचं तोंड उतरलं. मग पांढरी पडत गेली. नखं दाबून बघावीत तर कागद. राखुंडीनं दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. पायरी चढली की छातीला हात. आत्याबाईंना काळजी पडली. म्हणाल्या, वाफ्याचं दुप्पट दे तिला. दिलं मी दुप्पट. बाजाराचं दुप्पट.

अन् एक दिवस तिनं विचारलं. मी नुकतीच चार दिवस बसून घरात आले होते. ताट समोर घेऊन ती म्हणाली, अगदी साधं, हसतच, "अक्का, परवा ह्यांनी आणलेली भाजी लई गोड होती बघा. ह्या भाजीला काहून एवढं पाणी सुटून राहिलं? बाजाराच्यावाणी लागती."

बघा. दार उघडून दिलं होतं तिनं. मला नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. किंवा काही न म्हणता दुसऱ्या दिवसापासून खरं पान आणायचं होतं — तेवढंही पुरलं असतं.

मी काय केलं? मी पाटावरून उठले. मी म्हणाले, "माझ्या हाताची चव न्हाई तर उद्यापासून दुसऱ्याच्या हातचं खा. एवढी तकलीफ घेऊन पहाटे खुडते, अन् माझ्यावरच संशय?" अन् परसात जाऊन बसले, फुगून. दिवसभर बोलले न्हाई तिच्याशी. आत्याबाईंनी काय झालं विचारलं तर डोळ्याला पदर लावला. संध्याकाळी ती आली. सातव्या महिन्याचं पोट सावरत वाकली अन् माझे पाय धरले. म्हणाली, चुकलं माझं, मला आपलं लेकरू समजा. मग मला दाखवून ताटातलं सगळं संपवलं. पुन्हा कधी तक्रार केली न्हाई. जे पुढं ठेवलं ते खाल्लं, पाणी सुटलेलं, गवतासारखं, पुसून खाल्लं.

हे ऐकताना तुमी मान फिरवली असंल तर फिरवा. मी त्या दिवशी जेवले होते व्यवस्थित.

फाल्गुनात कावळा शिवला न्हाई मला. नऊ वर्षांनी! तुमाला वाटंल, आता तरी हिचं मन निवळलं असंल. मलाही तसंच वाटायला पायजे होतं. पण मी हिशेबी बाई. पोटुशी हाय म्हटलं की मला माळव्यात पाय घालायची बंदी. मग आत्याबाई दिराला पाठवणार, दीर निम्मं निम्मं आणणार, अन् सुंदराला रोज खरं पान मिळून फरक कळणार. म्हणून मी गप्प बसले. चैत्रात खोटंच चार दिवस बाहेर बसले. देवीचं नवरात्र अन् मी खोटी विटाळशी! अन् पोटुश्या पायांनी माळव्यात फिरत राहिले. वाळलं न्हाई काही. झकास आलं माळवं.

वैशाखात सुंदरा बाळंत झाली. सुईण घामाघूम झाली होती. अंगावरून इतकं गेलं की ती वाचत न्हाई असंच सगळे धरून चालले. ती वाचली. पोरगी झाली होती. एवढीशी, हातात घेतली तर वजन लागू नये. रडायची तेही मांजराच्या पिल्लासारखं. अकरा दिवस होती. बारशाची तयारी चालली होती अन् अकराव्या दिवशी दूध ओढायची थांबली. नाव ठेवायचं राहिलंच. सुंदराला त्यानंतर पुन्हा दिवस गेले न्हाईत, कधीच.

मला मार्गशीर्षात पोरगा झाला. किसन. धडधाकट, लाल. देवीला पातळ चढवलं, गाव जेवू घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली, गावं उठून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जायला लागली. आमीही गेलो. मला ताप होता. पाच महिन्यांच्या किसनला छातीला बांधून सुंदरानं पैनगंगेचं पात्र ओलांडलं. चार पावलं टाकली की थांबायची, दम घ्यायची, ओठ निळे पडायचे, पुन्हा चालायची. तिच्या अंगात जे रक्त नव्हतं ते कुठं गेलं, हे त्या वाळूत एकट्या मला ठाऊक होतं. तवा सांगावंसं वाटलं का? वाटलं. सांगितलं का? मी म्हणाले, "पोराच्या डोक्यावर पदर घे, ऊन लागंल."

किसन तिलाच आई म्हणायचा, मला नुसतं बाई. ती लोकांना सांगायची — अक्कानं मला पोटुशी असताना पहाटे उठून, आपल्या हातानं खुडून खाऊ घातलं. माझं नशीब फुटकं, त्याला अक्का काय करंल? भर बायांत सांगायची. मी खाली बघायची. बाया म्हणायच्या, बघा, स्तुती केली तर कशी लाजते बाई.

लई वर्षांनी माझ्या भावाचा पोरगा परभणीला शेतकी शिकून आला. त्याला मी आडून-आडून विचारलं. तो म्हणाला, आत्या, ते पांढरं खत भरमसाट टाकलं अन् पाणी पाजलं की पान नुसतं वाढतं, पाण्यानं फुगतं, अन् अंगाला लागणारं जे असतं ते त्या मानानं पातळ होतं. कुजलेल्या खतावर पान सावकाश वाढतं, भरतं. तुमची सासू म्हणायची ते अगदीच खोटं न्हाई. पण, म्हणाला, नुसत्या भाजीनं कुणी मरत न्हाई अन् नुसत्या भाजीनं कुणाला दिवसही जात न्हाईत. शंभर कारणं असतात.

कशी सुटका करून देत होता बघा! मला न विचारता. मी ती घेतली न्हाई. पानात काय होतं हे मला तवा कुठं ठाऊक होतं? मला आत्याबाईंनी सांगितलेलं ठाऊक होतं, की ह्यात जीव हाय अन् त्यात न्हाई. ते मी खरं मानत होते. खरं मानून रोज सकाळी जीव असलेलं माझ्या तोंडात घातलं अन् नसलेलं तिच्या ताटात. पान उद्या सोन्याचं निघो की गवताचं. माझा हात तोच राहतो.

सुंदरा मागल्या आषाढात गेली. किसननंच अग्नी दिला.

एवढं सांगून थांबणार होते. पण एक राहिलंय, अन् तेच खरं हाय. वाफ्याची अदलाबदल मी चोरून केली. पण आता सांगते ते मी सगळ्यांच्या देखत केलं, तरी कुणाच्या ध्यानात न्हाई.

पोरगी गेली, सुंदराचं सव्वा महिन्याचं बाळंतपणाचं न्हाणं झालं, ती घरात फिरायला लागली. भिंत धरून फिरायची. आत्याबाई मला म्हणाल्या, "रीत न्हाई, पण तिला अजून दोन महिने वाफ्याचं दे. अंगात रक्त न्हाई पोरीच्या." ज्या आत्याबाईंनी माझ्यासाठी रीत मोडली न्हाई, त्या तिच्यासाठी मोडून राहिल्या होत्या. सुंदरा तिथंच बसली होती, गहू निवडत. अन् मी म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "रीत ती रीत, आत्याबाई. पोटात न्हाई, मांडीवर न्हाई, तर वाफा कशाचा? मला दिवस गेलेत."

असं सांगितलं मी माझ्या घराला, की मला दिवस गेलेत. तिच्या रिकाम्या मांडीकडं बोट करून.

आत्याबाई काही बोलायच्या आधी सुंदराच म्हणाली, "बराबर हाय. आता अक्काला द्या." हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्या पाया पडली. आता माळव्यात पाय घालायला मोकळी अशी घरातल्या बायांत ती एकटीच होती. तिनं कोनाड्यातली टोपली घेतली अन् भिंत धरत धरत विहिरीकडं गेली. वाफ्यात बसून खुडलं, घरी आणलं, निवडलं, चुलीवर टाकलं. शिजवणाऱ्या बाईला भाजी कळते. पाच महिने आपण काय खाल्लं हे तिला त्या चुलीपुढं कळलं असणार. न कळायला ती काही खुळी नव्हती. मी कधी विचारलं न्हाई. तिनं मरेपर्यंत सांगितलं न्हाई.

तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. परत जाऊन चुलीकडं तोंड करून बसली.

मी जेवले. पोटभर जेवले, अन् आणखी मागून घेतलं.